दोन फाटकं अन् चाळीस जुड्या

माह्यं नाव उकंडा. लिहून घ्या, अन् हासा ताई, सारेच हासतात, पन हे नाव काहून पडलं ते आदी आयका, म्हंजे पुढं मी जे केलं ते काहून केलं हे तुमाले इचारा लागनार नाई. माह्या आगुदर मायची तीन लेकरं गेली, एक पाळन्यात अन् दोन रांगता रांगता, तं मी झालो तेव्हा मायनं मले पदराखाली घेतलंच नाई, सुईनीच्या हातानं घरामागच्या उकंड्यावर नेऊन शेनाकचऱ्यात लोळवलं, अन् आतून मोठ्यानं म्हने का हे कचरा हाये, हे माह्यं नाई, ज्याले पाह्यजे त्यानं न्यावं. म्हंजे मरन दाराशी कान देऊन उभं असन तं त्याले वाटावं का अठी नेन्याजोगं काई नाई. मंग शेजारनीनं मले उचललं, अन् मायनं तिच्यापासून पसाभर जवारीले मले इकत घेतलं. मरनाले असं फसवून मी जगलो. ज्याच्या मायनं मरनावर बी इस्वास ठेवला नाई, त्यानं मानसावर कसा ठेवावा, सांगा.

बाप बी तसाच. आमचा मळा वाशीमच्या बाहेर, अनसिंगच्या वाटेवर, वांगी, मेथी, मुळे, भेदरं अन् सांबार. भेदरं म्हंजे टमाटे, अन् सांबार म्हंजे तुमच्या पुस्तकातली कोथिंबीर. रेल्वेचे रूळ पडले तेव्हा मले नुकतं मिसरूड फुटलं होतं. कोनीतरी बापाले सांगतलं का ते लोखंड तापते अन् जमिनीतलं पानी ओढून घेते, तं बापानं सहा महिने रोज सकाळी इहिरीत दोर सोडून पानी मोजलं. पानी तेवढंच. तरी म्हने, थांब, हे हळूहळू पिऊन राह्यलं, आपल्या ध्यानात येऊ देत नाई. असं आमचं घरानं, मोजलं तरी पटत नाई. अन् मी तं मोजलं बी नाई, तेच तं सांगाले बसलो.

माह्यं लगन रिठदच्या गिरजाशी झालं. गिरजाची मोठी बहीन चंद्रभागा, अन् तिचा नवरा महादू, रेल्वेत फाटकवाला, म्हंजे माहा साडभाऊ. फाटकाशेजारीच त्याची खोली, खोलीपुढं तुळस. दोघी बहिनी एका ताटात जेवलेल्या, तं गिरजा दर आठवड्याले आमच्या गाडीतून एक टोपलं भाजी तिच्यासाठी नेई, अन् चंद्रभागा रिकाम्या टोपल्यात कधी पापड, कधी कुरड्या घालून देई, रिकामं टोपलं परत देत नाई आमच्यात. ह्या टोपल्याले ध्यानात ठेवा ताई.

मंग साळ्याचं लगन निंगालं रिठदले. अख्ख्या पंगतीची भाजी मी मळ्यातून नेली, तं सासऱ्याले असा आनंद झाला का त्यानं भर मांडवात पयला फेटा मले बांधला. मान होता महादूचा, तो थोरला जावई. पन तो काई बोलला नाई, उलट पुढं येऊन माह्या फेट्याचा शेमला नीट केला अन् जाऊन बसला. बस, त्या दिसापासून माह्या मनात किडा शिरला का हा मानूस बोलला नाई, म्हंजे यानं मनात धरलं. बोलला असता तं मी इसरलो असतो. तो बोलला नाई, तेच मले वर्सानुवर्स झोंबलं.

आता फाटकाचं सांगतो, हे नीट आयका. मळ्याकडून बजारात जाची एकच सडक अन् त्या सडकेले दोन फाटकं. पयलं मोठ्या रुळाचं. त्याच्या पुढं सडक जिनाच्या भिताडाच्या कडंनं जाते, जिन म्हंजे कापसातली सरकी काढाचा कारखाना, अन् भिताड संपलं का दुसरं फाटक, ते जिनात जानाऱ्या रुळाचं, तठी महादू. दिवाळीपासून शिमग्यापावेतो रोज सकाळी, नेमकं आमच्या गाड्यांच्या वख्ताले, इंजन डबे घेऊन ठेसनातून निंगे, पयलं फाटक ओलांडे, भिताडामागून मोठा वळसा घेऊन दुसरं फाटक ओलांडे अन् जिनात शिरे. डबे गेले का पयल्यावरचा मानूस आपलं फाटक उघडे अन् उघडल्याबरोबर एक मूठ फिरवे, तारेनं तिकडं दुसऱ्यावर घंटी वाजे, अन् महादू आपलं फाटक लावे. म्हंजे इकडचं उघडलं का तिकडचं लागलं. हे दोघं एकाच तारेले बांधलेले होते, अन् ती तार मले दिसत होती, तीच माही चूक झाली. तार दिसली म्हंजे कट दिसला.

आता धावाची गरज काय म्हनसान. तं आमच्या भाजीबजाराची रीत अशी होती, अजून हाये, का जी गाडी पयली येईन तिची भवानी पयली, म्हंजे दिसाचा पयला सौदा तिचा, अन् तो होतपावेतो दुसऱ्या कोनं तागडी उचलाची नाई. पयल्या गाडीवाल्याले सारे रामराम करतात, बाकीचे उभे राह्यतात. माह्याकडं चांद्या अन् मोऱ्या ही अशी जोडी होती का पयलं फाटक उघडल्याबरोबर मी शेपट्या पिरगाळल्या का सारी रांग माह्या मांगं धुळीत. दहा-बारा गाड्या सुसाट, वांगी उड्या मारून राह्यली, भेदरं पिचून राह्यली, मांगं बसलेली गिरजा सांबाराच्या जुड्या बांधता बांधता एका हातानं गाडीची दांडी धरून राह्यली, अन् पुढं पाहावं तं महादूचं फाटक बंद. इंजन दिसत बी नाई. नुसतं बंद फाटक अन् फाटकामागं महादू, हातात लाल झेंडी घेऊन, जसा काई मांडवात उभा.

मी म्हनो, अरे भाऊ, इंजन अजून भिताडामागं हाये, एक गाडी जाऊ दे. तो म्हने, घंटी झाली. एवढंच. मंग इंजन रमतगमत ये, जाये, फाटक उघडे, तं तिकडून कापसाच्या गाड्या दाटलेल्या अन् इकडून आमी, दोनी बाजू एकदम फाटकात घुसत, चाकात चाक, जूवात जू, शिव्या, अन् त्याच्यातून निंगून बजारात पोचावं तं जोडीच्या तोंडाले फेस. अन् गाडीवाले मजा घेत. म्हनत, उकंडराव, साडभावाले एक फेटा बांधून टाका, मंग पाहा कसं उघडते. ते हासत, अन् मी मनात गाठ मारत जाये का ह्यायले बी ठाऊक हाये, म्हंजे खरंच असन.

एक दिवस महादू आपसुक बोलला. फाटकापाशी येऊन, चांद्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हने, उकंड्या, धावू नको. हळू ये, उघडं सापडन.

आता तुमीच सांगा ताई, ज्यानं दोन वर्स तोंड उघडलं नाई तो एकदम हळू ये म्हनते, याचा अर्थ काय. मी अर्थ लावला का हा मले मांगं पाडून राह्यला, मी हळू जाईन अन् दुसरा कोनी भवानी करन, अन् हा गालात हासन. घरी गिरजाले सांगतलं तं ती म्हने, खरं सांगत असन भाऊजी, पाहा तरी एक दिवस. मंग मले तिचा बी संशय आला, का ही बहिनीच्या घरची बाजू घेऊन राह्यली. त्या दिसापासून मी जोडी आनखी पिदाडली.

अन् मंग मी अर्ज केला. गिरजाले सांगतलं नाई. कचेरीपुढच्या लिंबाखाली एक अर्जनवीस बसे, चटईवर पेटी, पेटीवर दऊत, त्याले म्हटलं, लिहा का फाटकवाला फाटक लवकर लावते. तो म्हने, लवकर लावते म्हंजे इमानदार हाये, ही काय तक्रार झाली, दुसरं काई असन तं बोल. मी इचार केला. अन् माह्या तोंडून निंगालं का तो भाजी घेते, अन् भाजी देनाऱ्याची गाडी पास करते. अर्जनवीस म्हने, हाओ, आता झाली तक्रार. लिहिलं, मी अंगठा दिला. अंगठ्याची शाई मी घरी याच्या आदी मातीनं घासून काढली, गिरजा पाहिन म्हनून.

आठ-पंधरा दिसांनी रेल्वेचा एक साहेब आला, अन् मले फलाटावर बलावलं. महादू समोर उभा, डोक्याले निळं पागोटं, झेंड्या गुंडाळून बगलेत. साहेबानं अर्ज वाचला अन् खाली अंगठा कोनाचा ते बी वाचलं. महादूनं माह्याकडं पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं, मंग माह्या अर्जाले काई आधार भेटला असता. साहेबानं इचारलं, तू गाडीवाल्यापासून भाजी घेते का. मले वाटलं आता हा नाई म्हनन, मी हो म्हनीन, तोंडाले तोंड राहीन अन् साहेब कंटाळून निंगून जाईन. पन महादू म्हने, हाओ साहेब, घेतली. साहेब म्हने, कोनापासून. महादू म्हने, ह्याच्यापासून. दर आठवड्याले एक टोपलं.

मी खाली पाहत राह्यलो. ते टोपलं बहिनीनं बहिनीले देल्लं हे सांगाले मले दोन शब्द लागत होते ताई, दोन. महादूनं ते स्वतः बी सांगतलं नाई, मी सांगतो का ते पाहत राह्यला. मी बोललो नाई. साहेबानं कागदावर काईतरी लिहिलं, अन् महिन्याच्या आत महादूची बदली झाली, पाच ठेसनं दूर, माळरानातल्या एका फाटकावर, ज्याच्या अल्याडपल्याड घर नाई. चंद्रभागा जातानी आमच्या दारावरून गेली नाई. गिरजाले सारं तव्हाच समजलं. ती भांडली नाई, रडली नाई. नुसतं ते टोपलं खुंटीले उलटं टांगलं अन् त्याले हात लावला नाई. सकरातीले सुगडं मांडताना एक चंद्रभागेच्या नावाचं मांडे, अन् दुसऱ्या दिवशी तसंच उचलून फळीवर ठेवे. एका वर्साचं एक. मी बाजेवरून मोजत जाये.

तं नवा फाटकवाला आला. परमुलखातला, त्याले ना माह्यं नाव ठाऊक, ना तो फेटा ठाऊक. मी म्हटलं आता पाहतो. पयलं फाटक उघडलं, जोडी सोडली, सुसाट गेलो, अन् फाटक बंद. दुसऱ्या दिवशी, बंद. आठ दिवस, रोज बंद. अन् माह्या मनात काय आलं सांगू तुमाले, लाज वाटते, पन लिहा, मले वाटलं का महादू जाता जाता ह्याले सांगून गेला.

दोन वर्स अशी गेली. मंग एका सकाळी पयल्या फाटकाशी मोऱ्याचा नाल पडला. मले धावता येईना, बैल लंगडून राह्यला. मी गाडी कडंनं हळूहळू चालवली, अन् सारे मले टाकून पुढं गेले, कोनी म्हने उकंडराव आज वरातीत निंगाले, कोनी म्हने फेटा जड झाला. मी मान खाली घालून. भिताड संपलं, वर पाहतो तं फाटक आत्ताच उघडून राह्यलं होतं. धावून गेलेले सारे तठीच अडकलेले, कापसाच्या गाड्यांशी चाकं गुतलेली, ते सुटत होते तोवर मी पोचलो, अन् थांबलोच नाई, त्यायच्या मांगं मांगं बजारात गेलो. ते धावून आले, मी चालत आलो, अन् आलो एका वख्ताले. त्यायची भेदरं पिचलेली, माही कोरी करकरीत.

मांगून गिरजा म्हने, चाळीस झाल्या.

म्हटलं काय चाळीस. तं म्हने, जुड्या. पयलं फाटक उघडल्यापासून दुसरं उघडतपावेतो सांबाराच्या चाळीस जुड्या होतात, रोज. तुमी धावडवता तव्हा बारा वाटेत होतात अन् बाकीच्या बंद फाटकापाशी. आज साऱ्या वाटेत झाल्या.

मी मांगं वळलो. म्हटलं, हे आदी काहून नाई सांगतलं. तिनं जुडीची गाठ दातानं ओढली अन् म्हने, अर्ज मले इचारून केला होता का.

मी मानलं असन असं वाटते तुमाले? नाई मानलं. एक दिवस धावलो, एक दिवस चाललो, असं महिनाभर केलं. गिरजा मोजे, अन् मले तिच्या मोजन्याचा संशय, म्हनून बजारात पोचलो का मी टोपल्यातल्या जुड्या पुन्हा मोजो. कधी अडतीस, कधी एक्केचाळीस, बहुत करून चाळीस. धावलो तरी चाळीस, चाललो तरी चाळीस. इंजनाले वळसा घ्याले जेवढा वख्त लागे तेवढा लागे, अन् फाटक त्याच्यासाठी होतं, माह्यासाठी नव्हतं. ह्या गोष्टीचा मले आनंद व्हाले पाह्यजे होता, पन ताई, एवढ्या वर्साचा वैरी एकदम नाईसा झाला तं मानूस कशाले टेकन.

मी त्याच अर्जनवीसाकडं गेलो. म्हटलं, लिहा का पयला अर्ज खोटा, भाजी बहिनीनं बहिनीले देल्ली. तो म्हने, बाबा, पयला अंगठा खरा का हा खरा, तूच फसशीन. म्हटलं लिहा. लिहिलं, अंगठा देल्ला, ह्या वख्ताले शाई पुसली नाई. त्या अर्जाचं उत्तर आजवर आलं नाई. अन् मले वाचता येत नाई, तं त्यानं मी बोललो ते लिहिलं का दुसरंच काई, ही शंका अजून हाये.

मंग गाडीत बसून गिरजासंग त्या माळावरच्या फाटकावर गेलो. चंद्रभागेनं पानी देल्लं, बोलली नाई. दोघी बहिनी चुलीपाशी जाऊन बसल्या. मी महादूले सारं सांगतलं, नाल, जुड्या, दुसरा अर्ज. तो रुळाकडं पाहून आयकत होता. मंग म्हने, मी तुले सांगतलं होतं, हळू ये. म्हटलं, मले वाटलं तू मले मांगं पाडून राह्यला. तो म्हने, उकंड्या, तुले कोनी तांब्यात पानी देल्लं तरी तू आदी इहिरीत डोकावशीन. एवढं बोलला. अन् फेट्याचं मी काढलं, तं त्याले तो फेटा आठवत बी नव्हता. नाई तं आठवत नाई असं म्हनला, देव जाने.

आता महादूची नोकरी सरली. ह्या वर्सी दोघं वाशीमले आले, इकडंच खोली घेतली, त्यायचं सामान मी माह्या गाडीतून आनलं. पयलं फाटक उघडलं, मांगं तरन्या गाडीवाल्यांची रांग, अन् मी जोडी पायी चालवली, सडकेच्या मधातून, कोनाले पुढं जाऊ देल्लं नाई. आता मी रोज असाच चालतो. मांगचे शिव्या देतात, म्हनतात बुढ्याची फाटकवाल्याशी साठगाठ हाये, म्हनून तो रांग अडवते. मी म्हनतो, बापूहो, हळू चाला, उघडं सापडन. ते एकमेकाकडं पाहून हासतात. मले त्यायचा राग येत नाई, तो संशय माह्याच घरातून गेलेला हाये. तं महादू माह्या मांगं गाठोड्यावर बसलेला, भिताड संपलं, अन् आमच्या पुढ्यात फाटक उघडलं, जोडीनं पाय बी बदलला नाई. मी मांगं वळून पाह्यलं नाई. गिरजा म्हने का महादूचा उजवा हात आपोआप वर झाला होता, हिरवी झेंडी धराले होते तसा. माफ केलं का नाई मले समजलं नाई, मी इचारलं बी नाई. पन सकरातीले फळीवरची सारी सुगडं खाली उतरली, अन् आता ते टोपलं सुलटं टांगलेलं हाये.

तुमी मगाशी सांगतलं का इलायतेत चौकाचौकाले लाल-हिरवे दिवे असतात, एका दिव्याचा दुसऱ्याशी मेळ घातलेला असते, अन् एका चालीनं मोटार चालवली तं सारे हिरवे भेटत जातात. असन. पन तठच्या मोटारवाल्याले इचारजा, तो म्हनन पुढच्या दिव्यावर माहा साडभाऊ बसला हाये. तुमच्या हातात घड्याळ हाये, तुमी सायन्स शिकल्या, उद्या या, पयल्या फाटकापासून मोजून पाहाजा, माह्यावर इस्वास ठेवू नका.

अन् एक करजा ताई. हे एवढं सारं तुमी लिहून राह्यल्या, तुमी काय लिहिलं ते मले काय ठाऊक. महादूनं घेतली ती भाजी बहिनीच्या टोपल्यातली होती, हे लिहिलं का? तेवढं वाचून दाखवा. हळू वाचा, मले घाई नाई.